पडवीची बंदिस्ती

आमच्या सभेच्या गेल्या दोन-तीन बैठकींत बागायतदार सभासदांकडून एकच पृच्छा निरनिराळ्या शब्दांनीं झाली. घराची पडवी चोहोंबाजूंनीं बंद करून घ्यावयाची आहे. ती कशानें करावी, आणि पुढच्या वादळांत ती टिकेल काय? पृच्छा वरकरणी गवंडी-सुतारांच्या प्रांतांतली दिसते, व शेतकीच्या मासिकानें तींत कां पडावें असें कोणास वाटणें साहजिक आहे. परंतु कोंकणांतील बागायतदाराची पडवी म्हणजे केवळ पाहुण्यास पाणी देण्याची जागा नव्हे. नारळ सोलले जातात ते तेथें, सुपारी फोडली जाते ती तेथें, आंब्याची निवड करून पेट्या भरावयाच्या त्या तेथें, आमसुलें वाळत असतां सर आली कीं धांवत आणून ठेवावयाचीं तीं तेथें. आणि जून उजाडला म्हणजे अवजारें, ताडपत्र्या, खताच्या गोण्या आणि प्रसंगीं नवें वासरूंहि तेथेंच. म्हणून पडवीचा प्रश्न आम्ही शेताच्या प्रश्नांतच गणतों.

पडवी उघडी ठेवण्याची रीत निष्कारण पडलेली नाहीं. कोंकणपट्टींत पावसाळ्याच्या चार महिन्यांत १०० ते १२५ इंच पाऊस पडतो, आणि उरलेल्या आठ महिन्यांतहि हवेंतील ओल पुरती जात नाहीं. मे महिन्यांत पारा ३३-३४ अंशांच्या फारसा वर चढत नसला तरी घाम वाळत नाहीं, व तो वाळावयास वाऱ्यावांचून दुसरा उपाय नाहीं. म्हणून पूर्वजांनीं घराच्या पुढें, कोठें कोठें चोहोंकडे, उतरत्या पाख्याखालीं ही सावलीची पट्टी ठेविली. तिनें भिंतीवर ऊन पडूं दिलें नाहीं, मातीच्या किंवा जांभ्याच्या भिंतीस पाऊस लागूं दिला नाहीं, आणि वारा मात्र आंत येऊं दिला. ज्या अंगानें पावसाची झड येते त्या अंगास लांकडी रेजांना नारळीच्या विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधीत, व पाऊस सरला म्हणजे सोडून टाकीत.

ही व्यवस्था मोडली, त्यास कारणेंहि तशींच झालीं. झाप विणणारे हात कमी झाले. वानर-माकडांचा उपद्रव इतका वाढला कीं कौलें धड राहत नाहींत, आणि शाकारणीस माणूस मिळत नाहीं. म्हणून पाख्यांवर पत्रे आले. डांसांमागून मलेरिया व डेंग्यू येतात. पावसांत फुरसें किंवा घोणस पडवीच्या कोपऱ्यांत येऊन बसते. मुंबईस असलेले चिरंजीव गणपतींत घरीं येतात, त्यांस पडवीच्या जागीं दिवाणखाना हवा असतो. यांपैकीं एकाहि कारणास आम्ही हंसणार नाहीं. आमची स्वतःची पडवी आम्हीं याच कारणांनीं बंद केली होती, आणि ती कशी गेली तें सांगितल्यावांचून पुढील विवेचनास अर्थ येणार नाहीं.

आमचें घर श्रीवर्धन तालुक्यांत, समुद्राजवळच्या सुपारीच्या वाडींत आहे. सन २०१७ च्या हिवाळ्यांत आम्हीं पश्चिमेकडील पडवीचीं कौलें उतरवून लोखंडी पत्रे घातले, तिन्ही उघड्या बाजूंस कमरेइतकी जांभ्याची भिंत घेतली, आणि तिच्यावर ॲल्युमिनियमच्या चौकटींत सरकत्या कांचा बसविल्या. पडवी २० फूट लांब व ८ फूट रुंद. ठेकेदारानें पत्र्यांखालचे लोखंडी पाईप एका टोंकास जुन्या लांकडी खांबांवर आणि दुसऱ्या टोंकास घराच्याच वाशांवर स्क्रूनीं बसविले. त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. त्यानें आम्हीं सांगितलें तेंच केलें. पहिलीं दोन वर्षें आम्ही संतुष्ट होतों. झड बंद झाली, डांस कमी झाले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनीं घर सुधारलें असें म्हटलें.

दिनांक ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरच्या आसपास किनाऱ्यावर चढलें. हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणें त्या वेळीं वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर असून झोत १३० पर्यंत गेले. दुपारीं साडेबारा ते अडीच हा तो काळ. सकाळीं वारा आग्नेयेकडून होता व पश्चिमेची पडवी घराच्या आडोशास होती, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलों. दुपारीं वारा फिरला. समोरच्या माडाची एक झावळी सुटून मधल्या कांचेवर आदळली. कांच फुटल्याचा आवाज आम्हीं माजघरांत ऐकला, आणि त्यानंतर दहा अंक मोजावे इतक्या अवकाशांत सबंध पाखें वर उचललें गेलें. त्याबरोबर घराचे सात वासे टोंकांशीं मोडून गेले. त्या भगदाडांतून वारा घरांत शिरला आणि ओटीवरचीं कौलें एकामागून एक निघूं लागलीं. एक पत्रा उलटून माजघराच्या दाराच्या चौकटींत रुतला. घरांत नऊ माणसें होतीं, त्यांत एक तान्हें मूल. कोणास इजा झाली नाहीं, तें केवळ दैवानें. वाडींतल्या पोफळी पडल्या त्यांचें दुःख वेगळें. त्यांवर या मासिकाच्या वाचकांस आम्हीं कांहीं सांगावें असें नाहीं, कारण त्या दिवशीं ज्याची वाडी वांचली असा बागायतदार आमच्या बाजूस विरळा.

आमच्या शेजाऱ्यांची पडवी जुन्या पद्धतीची होती. तिचे झाप पहिल्याच झोतांत उडाले, दोन-तीनशें कौलें फुटलीं. पण खांब, वासे आणि पाखें जागच्या जागीं राहिलें. आठ दिवसांनीं गांवचे वृद्ध सुतार पाहणीस आले. त्यांनीं आमच्या खांबांचीं डोकीं, वाशांचीं मोडलेलीं टोंकें आणि पाईपांतलीं स्क्रूंचीं भोंकें बोटानें चांचपून पाहिलीं, व म्हणाले, "अण्णा, पत्रा वरच्या वाऱ्यानें नाहीं गेला, आंतल्या वाऱ्यानें गेला. उत्तरेकडची एक कांच जरी सरकवून ठेवली असतीत तरी कदाचित् राहिला असता."

हें त्यांस पुस्तकानें शिकविलें नव्हतें, परंतु पुस्तकांत तें आहे. भारतीय मानक ब्यूरोचें वाऱ्याच्या भारासंबंधींचें मानक (क्रमांक ८७५, भाग ३, सन २०१५ ची आवृत्ति) ज्यांस पाहतां येईल त्यांनीं पाहावें; ज्यांस येणार नाहीं त्यांच्याकरितां आम्ही त्यांतील मुद्दा साध्या हिशेबानें देतों. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. ताशीं १२० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरास सुमारें ६८ किलो, म्हणजे दर चौरस फुटास सव्वासहा किलो भरतो. आमचें पाखें १६० चौरस फुटांचें. तेव्हां हिशेब एक टनाचा झाला. आतां कमी उताराच्या पाख्यावरून वारा जातो तेव्हां तो पाख्यास खालीं दाबीत नाहीं, वर ओढतो, आणि कडांशीं व कोपऱ्यांशीं सर्वांत अधिक ओढतो. ही ओढ टनाच्या आसपास धरावी. तिच्यांत आंतल्या दाबाची भर पडते. भिंतींतील भोंकें शेंकडा ५ हून कमी असतील तर आंतील दाब मूळ दाबाचा पंचमांश धरावा, शेंकडा ५ ते २० असतील तर निम्मा, आणि २० हून अधिक असतील तर दहांत सात, असें मानक सांगतें. वाऱ्याच्या तोंडावरची कांच फुटली तेव्हां आमची पडवी पहिल्या वर्गांतून एका क्षणांत तिसऱ्याकडे गेली, आणि वर लोटणारा भार पावणेदोन टनांच्या घरांत पोंचला.

त्याला खालीं धरावयास काय होतें? अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचें वजन दर चौरस मीटरास चार-साडेचार किलो. पाईप धरूनहि आमचें सगळें पाखें दोनशें किलोंच्या आंत. बाकीचा भार स्क्रूंवर आणि खांबांवर. आणि जुने खांब तर तळखड्यावर नुसते उभे. ते वजन पेलण्याकरितां होते, वर उचललें जाणारें पाखें ओढून धरण्याकरितां नव्हते. मंगळुरी कौलांचें पाखें याच्या उलट दर चौरस मीटरास ४० किलोंच्या आसपास भरतें, आणि कौलांच्या सांध्यांतून हवा निसटत असल्यामुळें आंतबाहेरचा दाब कांहीं अंशीं सारखा होतो. शेजाऱ्यांचे झाप गेल्यावर त्यांच्या पडवीचीं दोन्ही तोंडें मोकळीं झालीं, वारा शिरला आणि निघून गेला. कौलें फुटलीं हें खरें; पण कौल माणसाच्या पायाशीं पडतें, पत्रा दोन वाड्या ओलांडून जातो.

यावरून कोणी असें म्हणेल कीं पश्चिमेकडे मजबुती केली म्हणजे झालें. तो समज आम्हांसहि होता, कारण चार महिन्यांची झड नैऋत्येकडून येते आणि आपली सर्व योजना तिच्याकरितां असते. परंतु चक्रीवादळाचा वारा आपल्या गोलार्धांत घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. वादळाचा मध्य आपल्या उत्तरेस असेल तर वारा पश्चिमेकडून येतो, दक्षिणेस असेल तर पूर्वेकडून, आणि मध्य समुद्रांत राहून किनाऱ्यास समांतर गेला तर दक्षिणेकडून. सन २०२१ च्या मे महिन्यांत तौक्ते वादळ याप्रमाणें कोंकणासमोरून वर सरकलें आणि १७ तारखेच्या रात्रीं सौराष्ट्रांत चढलें. शिवाय तें पावसाळ्याच्या तयारीची वाट पाहत नाहीं. अरबी समुद्रांतील वादळांचे दिवस दोन: पावसाळ्याच्या तोंडीं मे-जून, आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर. फयान वादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजीं अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आलें. त्या दिवसांत भात झोडणीस आलेलें असतें, सुपारीचा हंगाम सुरू झालेला असतो, आणि झाप तर सोडून ठेवलेले असतात.

वादळ वर्षांतून एखादे वेळीं येतें किंवा येतच नाहीं. ऊन मात्र रोज असतें. कांचेच्या पडवीचा दुसरा दोष हा उन्हाचा. कांचेंतून सूर्याचा प्रकाश सुखानें आंत येतो, पण आंतल्या तापलेल्या फरशीची व सामानाची ऊब तितक्या सुखानें बाहेर जाऊं शकत नाहीं. पारदर्शक पत्र्याची एक पट्टी पाख्यांत उजेडाकरितां घातली म्हणजे तिच्याखालीं एप्रिल-मेमध्यें बसवत नाहीं. वर पत्रा, बाजूंस कांच आणि पश्चिमेचें ऊन अशी आमची पडवी दुपारीं तीन ते सहा पर्यंत निरुपयोगी झाली होती, आणि तिला लागून असलेली ओटी, जी जन्मभर थंड होती, तीहि तापूं लागली. नागपुराकडचे आमचे एक आप्त म्हणाले कीं कूलर आणा. नागपुरास वाळ्याचा पडदा किंवा कूलर चालतो, कारण तेथील उन्हाळ्याची हवा कोरडी असून पाणी पिते. कोंकणची हवा आधींच पाणी प्यालेली असते, तेथें कूलरनें नुसती ओल वाढते.

त्या ओलीनें मालाचें काय होतें तें आम्हीं दोन हंगाम पाहिलें. पिकलेली सुपारी खळ्यांत सव्वा ते दीड महिना वाळवावी लागते. रात्रीं व ढगाळ दिवशीं ती पडवींत ओढून घेण्याची रीत. उघड्या पडवींत तिला वारा लागत असे. कांचेच्या पडवींत तिच्या ढिगाची वाफ तेथेंच कोंडली, कांचांवरून सकाळीं पाणी ओघळूं लागलें, आणि तिसऱ्या आठवड्यांत सालीवर पांढरी बुरशी दिसली. सुपारीला बाहेरून डाग नसला तरी फोडल्यावर आंत काळसर निघाली कीं दर उतरतो, हें सर्वांस ठाऊक आहे. त्या वर्षीं आम्हीं दोष पावसास दिला. दुसऱ्या वर्षीं पाऊस नव्हता, बुरशी होती.

सन २०२० च्या दिवाळीनंतर आम्हीं पडवी पुन्हां बांधिली. ती निर्दोष आहे असा आमचा दावा नाहीं. तौक्ते आमच्यापासून दूर समुद्रांतून गेलें, तेव्हां त्यास परीक्षा म्हणतां येत नाहीं. परंतु प्रत्येक गोष्ट कां केली याचें कारण आम्हांस देतां येतें, आणि पहिल्या पडवीच्या वेळीं तें देतां आलें नसतें.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं नव्या पडवीचें पाखें घराच्या वाशांस कोठेंहि जोडलेलें नाहीं. घराच्या भिंतींत काँक्रीटचे तोडे बसवून त्यांवर पडवीची स्वतंत्र तुळई ठेविली, आणि पाख्याची वरची कड घराच्या वळचणीखालीं नऊ इंच जागा सोडून आंत सरकविली. पडवी गेलीच तर ती एकटी जावी, घराचें पाखें घेऊन जाऊं नये, हा एक हेतु. दुसरा असा कीं तापलेली हवा वर चढते आणि या नऊ इंचांतून बारा महिने बाहेर जाते. वादळांत आंतला दाबहि तेथूनच निसटतो. घराची वळचण वर असल्यामुळें पाऊस आंत येत नाहीं, आणि त्या फटीस जाळी लावली म्हणजे वटवाघुळें व उंदीरहि येत नाहींत. पाख्यास उतार ८ फुटांस साडेतीन फुटांहून थोडा अधिक दिला. पूर्वीं तो जेमतेम दीड फूट होता. फार सपाट पाख्यास वारा अधिक ओढतो, आणि पंचवीस अंशांच्या आसपासचा उतार वाऱ्यास व पावसास दोहोंस बरा, असें जाणकार सांगतात. ज्यांच्या घराची वळचण खालीं आहे त्यांस इतका उतार मिळणार नाहीं. त्यांनीं पडवीची रुंदी एक-दोन फूट कमी करावी, परंतु उतार सोडूं नये.

बाहेरच्या चार खांबांकरितां दोन फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट खोल असे खड्डे घेऊन काँक्रीट भरलें. अशा एका ठोकळ्याचें वजन ५०० किलोंहून अधिक होतें. खांबाचें लोखंड त्यांत रुतलेलें, आणि वर तुळईस जस्ताचा मुलामा दिलेल्या पट्टीनें आवळलेलें. तुळईपासून आडव्या पाईपास, पाईपापासून पत्र्यास. ही सांखळी कोठेंहि तुटतां कामा नये. एका दुव्याच्या ठिकाणीं नुसता खिळा असला कीं बाकीचें सर्व काम फुकट, आणि बहुतेक ठिकाणीं तो खिळा शेवटच्या दिवशीं, अंधार पडत असतां, ठोकला जातो. पत्रे स्क्रूंऐवजीं पाईपाला वळसा घालणाऱ्या आंकड्यांच्या बोल्टांनीं बांधले. कडांना व कोपऱ्यांना एका नळीआड एक, मध्यें त्याहून विरळ. रबरी वॉशर समुद्राच्या हवेंत लौकर फाटतात, म्हणून दर एप्रिलांत पाहावे. वळचण दीड फुटाहून अधिक बाहेर काढिली नाहीं. लांब वळचणीनें सावली चांगली पडते हें खरें, पण खालून येणाऱ्या झोतास ती हात देते.

बाजूंच्या भिंतींविषयीं आमचा घरांतच मतभेद झाला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, निदान एक बाजू तरी कांचेची ठेवूं या, नाहीं तर बंद करून उपयोग काय?" शेवटीं उत्तरेस बसण्याच्या जागेजवळ एक लहान खिडकी त्यांच्याकरितां ठेविली, व बाकीचें आमच्या मतानें झालें. अडीच फूट चिऱ्याची भिंत तिन्ही बाजूंस आहे. तिच्यावर दक्षिणेस व उत्तरेस, म्हणजे पडवीच्या दोन्ही तोंडांस, चिरे तिरपे ठेवून रचलेली जाळी घेतली. तिरुवनंतपुरास लॉरी बेकर (१९१७-२००७) यांनीं विटांच्या अशा जाळीच्या भिंती पुष्कळ घरांस घातल्या. उजेड व वारा यावा, ऊन व चोर येऊं नये, असें तें काम आहे. आमच्याकडे चिरा आहे, म्हणून आम्हीं चिऱ्याची केली. जाळी कधींच बंद होत नसल्यामुळें पडवी कोंडत नाहीं. पश्चिमेचा वारा आला तर या दोन तोंडांशीं हवा बाहेर ओढली जाते, व दक्षिणेचा आला तर एका जाळीनें शिरून दुसरीनें जातो.

पश्चिमेस रेज पूर्वींसारखेच उभे केले आणि त्यांच्या बाहेरून पांच झडपा टांगल्या. झडपेची बिजागरी वर आहे. पाईपाची चौकट, तींत बांबूची जाड चटई, आणि मध्यें एक तिरपा आडणा. खालची कड बाहेर लोटून टेकू दिला म्हणजे झडपेचेंच लहानसें छप्पर होतें: तिसऱ्या प्रहरचें ऊन अडतें, साधी सर अडते, आणि खालून वारा येत राहतो. झड आली कीं खालीं सोडावी व कडी घालावी. ही कल्पना आमची नव्हे. जुन्या दुकानांच्या फळ्या अशाच उचलून टेकूवर ठेवीत. चटई तीन-चार वर्षांनीं बदलावी लागते व बिजागऱ्यांस दर पावसाळ्यापूर्वीं तेल द्यावें लागतें.

डांसांची जाळी रेजांच्या आंतून, सुट्या चौकटींत बसविली आहे. समुद्राजवळ जस्ती जाळी दोन पावसाळ्यांत गंजून बोटानें फाटते. गंजरहित पोलादाची घ्यावी, महाग पडली तरी. येथें एक इशारा. बारीक जाळी वाऱ्याचा बराच वेग खाते. म्हणून जेथें उघड्या पडवीस चार हात रुंद तोंड पुरत असे, तेथें जाळीस त्याहून रुंद तोंड द्यावें, आणि सुपारी ओढून ठेवावयाच्या दिवसांत एक-दोन चौकटी काढून ठेवाव्या. धुळीनें बुजलेली जाळी ही भिंतच होय.

पाख्यावर कौलें परत घालावीं अशी आमची इच्छा होती; वानरांनीं ती पुरी होऊं दिली नाहीं. पत्रेच घातले, वरून पांढरा रंग दिला, आणि खालीं चार बोटें अंतर सोडून बांबूच्या चटयांचें छत ताणलें. छताच्या दोन्ही कडा मोकळ्या असल्यानें मधली तापलेली हवा वर निघून जाते. फरक हाताला कळतो: पत्र्यास हात लावतां येत नाहीं अशा वेळीं चटईस लावतां येतो. पांढरा रंग मात्र एका पावसाळ्यांत शेवाळानें हिरवा होतो आणि दर वर्षीं घांसून पुन्हां द्यावा लागतो. ज्यांस हें होणार नाहीं त्यांनीं रंगावर खर्च न करतां छतावर करावा. जमिनीस बाहेरच्या बाजूस उतार देऊन भिंतीच्या तळाशीं पाणी जावयास भोंकें ठेविलीं आहेत. पहिल्या पडवीस तीं नव्हतीं, व झड कांचेच्या फटींतून आंत येऊन घोट्याइतकें पाणी सांचत असे.

एवढें करून हें काम कांचांच्या कामापेक्षां स्वस्त पडलें नाहीं. खांबांच्या खड्ड्यांत जो पैसा गेला तो कोणास दिसत नाहीं, आणि पाहुणे अजूनहि विचारतात कीं पडवी अर्धवट कां ठेविली. ज्यांस एकदम सर्व करणें शक्य नाहीं त्यांनीं आधीं खांब आणि पाखें बांधून घ्यावें. बाजूंस दोन वर्षें झाप किंवा ताडपत्री चालेल, कारण ताडपत्री उडाली तर शंभर-दोनशें रुपयांचीच उडते. ज्यांनीं कांचा आधींच बसविल्या आहेत त्यांनीं त्या काढून टाकाव्या असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांनीं घराच्या वळचणीखालीं वाट पाडावी, दोन्ही तोंडांची एक-एक कांच काढून जाळी घालावी, आणि पाख्याचे दुवे तपासावे.

वादळाची सूचना आली म्हणजे करावयाचें थोडकें आहे, पण तें आदल्या दिवशीं करावें. पडवींतील हलकें सामान, पेट्या, रिकामे पिंप, सुट्या फळ्या, सर्व आंत न्यावें. वाऱ्यांत तीच कांच फोडतात. सुटणाऱ्या झावळ्या व वाळके नारळ घराजवळच्या माडांवरून उतरवावे. गुरें पडवींत बांधलीं असतील तर सोडून गोठ्यांत किंवा मोकळ्या जागीं न्यावीं. वाऱ्याच्या अंगाच्या झडपा खालीं सोडून कडी घालावी, उलट अंगाच्या किलकिल्या ठेवाव्या, आणि वारा फिरला तर त्याहि फिरवाव्या; मात्र हें काम वारा वाढण्यापूर्वींच जमतें, नंतर कोणीं पडवींत जाऊं नये. माणसांनीं माजघरांत राहावें. मध्येंच वारा एकाएकीं पडला तर वादळ गेलें असें समजून पाखें पाहावयास बाहेर येऊं नये. मध्य डोक्यावरून जात असेल तर तासाभराच्या आंत उलट दिशेनें पहिल्याइतकाच वारा येतो. आमच्या गांवीं त्या दिवशीं दोघे असेच बाहेर आले होते व देवळाच्या भिंतीआड तासभर अडकून पडले.

नव्या पडवींत चार हंगाम सुपारी ठेवून झाली. बुरशी पुरती गेली नाहीं, पण ढिगाच्या तळाशीं तेवढी येते, ती हलवली कीं जाते. दक्षिणेकडच्या जाळींतून जुलैंत थोडी झड आंत येते, तिच्याकरितां तेथें अजूनहि एक झाप बांधावा लागतो. विणावयास आमच्या आळींत एकच बाई उरल्या आहेत, त्यांस आम्ही वैशाखांतच सांगून ठेवतों. जुन्या पत्र्यांपैकीं अकरा पत्रे शेजाऱ्यांच्या वाडींतून परत मिळाले. ते शेणखताच्या खड्ड्यावर, वर धोंडे ठेवून, घातले आहेत.